टवाळी, टिंगल, चेष्टा, मस्करी: मी सासऱ्यांचं नेमकं काय केलं?

गोदाकाठचा
मंडळी, प्रश्न भाषेचा आहे पण जखम घरगुती आहे. गेल्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी झाली. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये चाळीसेक माणसं, मेव्हण्याने माईक हातात दिला आणि मी आरतीच्या चालीवर रचलेलं एक गाणं म्हटलं. सासरे आयुष्यभर हिशेबखात्यात. खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडायच्या आत दिवा बंद करणारे. आलेल्या पत्राचं पाकीट उसवून त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडणारे. तर माझ्या ओळी अशा होत्या:

दिवा मालवी, पंखा मालवी, उरली खोलीत हवा
पाकिटाच्या पाठीवरती हिशेब मांडी नवा

हॉल हसला. सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. सासरे म्हणाले, "जावईबापू, टवाळी बरी जमते तुम्हाला." बस्स. तेव्हापासून तीन आठवडे फोनवर फक्त "हं" आणि "देतो हिला".

माझं म्हणणं, ते विडंबन होतं. बायको म्हणते, थट्टा होती पण जरा जास्त झाली. मेव्हणा म्हणतो, "तू बाबांची खेचलीस." सासरे टवाळी म्हणतात. एकाच चार मिनिटांना चार शब्द. यातला बरोबर कोणता, आणि ते कोणी ठरवायचं?

तर्री_जास्त
सासरे ठरवणार. पुढचा प्रश्न.

मास्तरीणबाई
विडंबन म्हणायला आधी एक मूळ कृती लागते. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा चिमटा होता तो रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या कवितेच्या ढंगाला, शब्दांच्या लाडिकपणाला. मूळ कविता ठाऊक नसेल तर विडंबनातली अर्धी गंमत जाते. तुम्ही आरतीची चाल घेतलीत, पण वार आरतीवर नव्हता, सासऱ्यांच्या पाकिटावर होता. चाल विडंबनाची, माल टवाळीचा. सासरे जाणकार दिसतात.

ता.क. तो शब्द हिंदीत 'विडंबना' होऊन नियतीच्या क्रूर चेष्टेकडे गेलाय, आणि आता मराठी वर्तमानपत्रंही 'ही केवढी विडंबना' लिहायला लागली आहेत. त्यांना बहुधा विपर्यास किंवा दैवदुर्विलास म्हणायचं असतं. संस्कृतात विडंबन म्हणजे मुळात नक्कल, अनुकरण. हसणं त्याला पुढे चिकटलं.

अंबडचा_फिटर
चेष्टा या शब्दावरून आमच्या कंपनीत झालेला तमाशा सांगतो. एक बंगाली इंजिनिअर नवीन आला होता. सुपरवायझर अस्सल सिन्नरचा, रात्रपाळीनंतर तापलेला. मशीनवर डाय, म्हणजे साचा, लावायची होती. विचारलं, "शाम तक डाय लगेगी क्या?" तो बिचारा हात जोडून म्हणतो, "सर, मैं पूरा चेष्टा करूँगा."

सुपरवायझरने हातातला व्हर्नियर टेबलावर ठेवला. "कर ना. कर चेष्टा. सगळेच करतात इथं माझी."

त्याला समजवायला आम्हाला अख्खा चहाचा ब्रेक लागला. बंगालीत आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. संस्कृतातही हालचाल, धडपड असाच अर्थ. आपणच कधीतरी त्या धडपडीकडे बघून हसायला लागलो असणार. डाय लागली रात्री साडेनऊला. तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये टार्गेट पूर्ण होणार नसेल तर म्हणायची पद्धत आहे, "चेष्टा चालू आहे सर."

तर्री_जास्त
हे आमच्या महानगराच्या रस्त्यांच्या कामालाही लागू.

पुणेकर_नाशकात
मस्करी हा शब्द मात्र शुद्ध संस्कृत आहे बरं का. पाणिनीकडे 'मस्करिन्' आहे.

मास्तरीणबाई
आहे, पण त्याचा अर्थ परिव्राजक, भटका संन्यासी. मस्कर म्हणजे वेळू, तो हातात घेऊन हिंडणारा. आपली मस्करी आली अरबी 'मस्खरा'वरून, फारसीच्या वाटेने. हिंदीतला मसखरा तोच. दोन शब्द दिसायला जुळे, नातं काही नाही. पुण्याला असं होतं कधी कधी.

पुणेकर_नाशकात
ही टीका समजावी की थट्टा?

मास्तरीणबाई
कोपरखळी. फासळीला लागते पण वळ उठत नाही.

पंचवटीकर
मास्तरीणबाई, तुम्ही परिव्राजक म्हणालात आणि मला हसू फुटलं. रावण सीतेकडे आला तो परिव्राजकाच्या वेषात. म्हणजे पाणिनीच्या शब्दात मस्करी होऊन आला!

नाहीतरी आमची पंचवटी या विषयाची राजधानीच आहे. बघा: मारीच सोन्याचं हरीण होऊन हूल देतो, मरताना रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारतो, म्हणजे आवाजाची नक्कल. मग रावणाचं सोंग. आणि या सगळ्याच्या आधी शूर्पणखा. लोक नाक कापल्याची गोष्ट सांगतात, पण त्याआधीचं संभाषण फार कमी जणांनी वाचलेलं असतं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात, अठराव्या सर्गात, राम तिला हसत सांगतो, माझं लग्न झालंय, धाकट्याकडे जा. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, दासाची बायको होऊन काय करशील, थोरल्याचीच धाकटी हो. तो त्या कुरूप, म्हाताऱ्या, खपाटीला पोट गेलेल्या बायकोला सोडेल आणि तुझाच होईल. बोलतोय सीतेबद्दल, वर्णन मात्र समोर उभी असलेलीचं. आणि तिथे वाल्मीकी तिला एक विशेषण लावतात, 'परिहासाविचक्षणा'. थट्टा न कळणारी. तिला सगळं खरंच वाटलं. ती सीतेवर धावून गेली तेव्हा राम लक्ष्मणाला म्हणतो की असल्या क्रूरांशी थट्टा कधी करू नये. मग नाक, कान.

आता नाशिक हे नाव त्या नाकावरून आलं की नऊ टेकड्यांवरून, यावर वाद घालणारे घालोत. मी तपोवनाच्या बाजूला वाढलोय, मी नाकवाला. म्हणजे आपल्या गावाचं नाव एका अंगाशी आलेल्या थट्टेवरून पडलंय. गोदाकाठचा, तुमचं फक्त फोनवरचं बोलणं तुटलंय. नाक शाबूत आहे ना?

गोदाकाठचा
नाक शाबूत. मुठीत आहे.

आसारी
येवल्याचा माणूस म्हणून खेचणे या शब्दाची बाजू मांडतो. संक्रांतीला आमच्याकडे गच्चीवर हातात आसारी असते (शहरात तिला फिरकी किंवा चक्री म्हणतात, आमच्यासमोर म्हणू नका). समोरच्याचा पतंग कापायचा तर एक पद्धत ढील द्यायची, दुसरी खेच मारायची. माणसाचंही तसंच. आधी ढील, "वा काका, तुमच्यासारखा हिशेब कुणाला जमायचा", काका फुलून उंच जातात, मग खेच. ढील न देता नुसती खेचली तर आपलाच मांजा बोट कापतो. तुम्ही ढील दिली होती का?

गोदाकाठचा
पहिल्या कडव्यात दिली होती. माईक चालू नव्हता.

निर्विकार
शब्दांची नुसती यादी करून काही हाती लागत नाही. विभक्ती बघा.

'माझ्याशी थट्टा केली' आणि 'माझी थट्टा केली' ही वाक्यं मनात म्हणून पाहा. 'शी'मध्ये दोघं एका पाटावर बसलेत. 'ची'मध्ये एक पाटावर आणि दुसरा ताटात. आता टिंगल घ्या. 'माझ्याशी टिंगल केली' असं कोणी म्हणत नाही. टवाळी, खिल्ली, टर, रेवडी, फिरकी, हेटाळणी, कुचेष्टा यांपैकी कशालाच 'शी' लागत नाही. थट्टेला लागतो, मस्करीला लागतो, चेष्टेला ओढूनताणून.

आणि फसवण्याचे शब्द बघा, तिथे 'ला' येतो. त्याला बनवलं, त्याला गंडवलं, त्याला टोपी घातली, शेंडी लावली, चुना लावला, हूल दिली. म्हणजे शी आली तर खेळ, ची आली तर हसं, ला आला तर खिसा. मराठी माणसाने हे कुठे शिकलेलं नसतं, तरी पाच वर्षांचं पोरही चुकत नाही.

तर्री_जास्त
दंडवत. पण 'माझी फसवणूक झाली' यात ची आहे की.

निर्विकार
फसवणूक पोलीस ठाण्याच्या कागदावर होते. घरी येऊन बायकोला माणूस 'मला फसवलं' असंच सांगतो.

अंबडचा_फिटर
आणि पोपट? 'माझा पोपट झाला.' पचका, कचरा, मामा, सगळ्यांना 'चा'. आणि करणारा कुणी दिसतच नाही, आपोआप झाल्यासारखं.

निर्विकार
हे सुटलं होतं माझ्याकडून. त्यात फसवणारा वाक्याबाहेर उभा राहून हसतोय.

पुणेकर_नाशकात
शेंडी लावणे आणि टोपी घालणे एकाच माणसाला एकाच वेळी शक्य आहे का?

आसारी
आधी शेंडी, मग टोपी. उलटं केलं तर शेंडी दिसत नाही.

तिवंध्याची
हूल म्हटलं की मला रंगपंचमी आठवते. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशकात होळीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि जुन्या गावात पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत. दगडी बांधणीचे खोल हौद. वर्षभर झाकलेले असतात, त्यांच्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडायच्या, रंगाच्या पाण्याने भरायच्या आणि त्यात उड्या मारायच्या. आम्ही त्याला धप्पा म्हणतो. एकदा उतरलं की रंग दोन-तीन दिवस निघत नाही.

माझ्या मोठ्या भावाचा मुंबईचा मित्र आला होता, पांढरी पँट, नवे बूट. भाऊ म्हणाला, "आपण फक्त बघायला जायचं." तो रहाडीच्या कडेला उभा राहून मोबाईल काढतो न काढतो, तेवढ्यात माझी आत्या, वय साठ, मागून म्हणाली, "पोरा, तो मोबाईल दे इकडे, मी धरते." त्याला वाटलं आत्या काळजीनं म्हणतेय. मोबाईल दिला. पुढचा आवाज धप्पाचाच. बाहेर आला तेव्हा फक्त दात पांढरे होते. तो आजही दरवर्षी येतो आणि कुणातरी नवख्याला घेऊन येतो.

निर्विकार, तुमच्या नियमाने ही हूल, म्हणजे 'ला'. पण खिसा कुठे गेला? उलट आत्याने मोबाईल वाचवला.

निर्विकार
बूट गेले.

नाव_नको
मी सहसा लिहीत नाही, पण 'शी' आणि 'ची' वाचून लिहावंसं वाटलं. मी लहानपणी अडखळत बोलायचो. 'प' वर गाडी अडायची. वर्गात हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट' म्हणायची माझी पाळी आली की मागच्या बाकावरून तीन पोरं माझ्या आधी 'प-प-प-प' सुरू करायची. हुबेहूब. नक्कल म्हणून दाद द्यावी इतकी छान. सर रागावले तेव्हा ती पोरं काय म्हणाली ठाऊक आहे? "सर, आम्ही त्याच्याशी मस्करी करत होतो."

म्हणजे त्यांनी 'शी'च लावला होता. करणारा नेहमी 'शी' लावतो. मी पुढची दोन वर्षं हजेरीला नुसता हात वर केला.

निर्विकार
बरोबर. मग माझा नियम अर्धाच आहे. विभक्ती लावायची कोणी, हे त्यात नव्हतं.

मास्तरीणबाई
नाव_नको, मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली. मागच्या बाकांकडे किती वेळा दुर्लक्ष केलं असेल ते आता मोजता येत नाही.

पंचवटीकर
नाव_नको यांना नमस्कार. वातावरण जड झालंय म्हणून नव्हे, पण नक्कल करून पोट भरणाऱ्यांची आठवण काढायला हवी. लहानपणी रविवार कारंज्याजवळ आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हातात दंडुका आणि जाडजूड वही घेऊन एक बहुरूपी यायचा. दारातून ओरडायचा, "शेठ, वॉरंट आहे तुमच्यावर! काल रात्री स्वप्नात चांदीचा तांब्या चोरलात, साक्षीदार हजर आहे!" गिऱ्हाईक दचकायचं. आजोबा गंभीर चेहऱ्याने दोन्ही हात पुढे करून म्हणायचे, "घाला बेड्या, पण जामिनाचं काय?" मग दहा मिनिटं खटला चालायचा. गल्लीतली पोरं जमायची. शेवटी दंड म्हणून काही नाणी आणि एक कप चहा.

सगळ्यांना ठाऊक होतं तो पोलीस नाही. त्यालाही ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे. यालाच सोंग म्हणतात. ढोंगात समोरच्याला ठाऊक नसतं.

आसारी
सोंग आणि ढोंग, एका अक्षराचा फरक. वा.

बागलाणी
मालेगावचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? जिल्ह्यातच आहे ना राजेहो! यंत्रमागांच्या गावात २००० च्या सुमारास नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. घरचे पैसे, गावातलेच कलाकार, गावातलीच भाषा. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्याच्या चित्रीकरणावर २००८ साली माहितीपट निघाला, आणि आता २०२५ मध्ये त्या पोरांवर हिंदी चित्रपटही येऊन गेला. माहितीपट बघा: कॅमेरा उंच न्यायला क्रेन कुठून आणणार, तर बैलगाडीचा उपयोग.

मास्तरीणबाई म्हणाल्या की विडंबनाला मूळ कृती लागते. बरोबर. पण मालेगावात मूळ कृतीवर राग नव्हता, जीव होता. ज्या सिनेमावर जीव जडलाय त्याचीच नक्कल करायची, आणि पैसे नाहीत म्हणून ती आपोआप विनोदी होणार, हे आधीच कबूल करून टाकायचं. याला मराठीत शब्द काय? टवाळी नक्कीच नाही.

आणि आमच्या अहिराणीत विचारायचं तर एवढी यादी लागत नाही. "मना संगे मस्करी करी ऱ्हायना का?" एवढं म्हटलं आणि भुवई वर केली, की पुढचा माणूस आपसूक ठरवतो पळायचं की हसायचं.

निर्विकार
'मना संगे'. माझ्या संगे. अहिराणीतही 'शी'च आहे की!

मास्तरीणबाई
बागलाणी, एका शब्दात उत्तर नाही माझ्याकडे. लाडाने वेडावणं म्हणा. आई तान्ह्या मुलाचे बोबडे बोल त्याच्यासारखेच बोलते तेव्हा ती त्याची नक्कलच करत असते.

तर्री_जास्त
अवांतर: थापांवर कोणीच बोललं नाही. लोणकढी थाप का म्हणतात? लोणी कढवून काढलेलं तूप लोणकढं. माझी आजी म्हणायची, थापही तशीच हवी: ताजी, घरची, आणि घशाखाली आपोआप उतरणारी. शिळी थाप म्हणजे अफवा.

पुणेकर_नाशकात
माझाही एक प्रश्न राहिला. शाळेत व्याजोक्ती, व्याजस्तुती हे अलंकार होते. त्यातलं व्याज म्हणजे बँकेचं व्याजच का?

मास्तरीणबाई
संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. व्याजस्तुती म्हणजे स्तुतीचं सोंग घेतलेली निंदा, किंवा निंदेचं सोंग घेतलेली स्तुती. निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम. दरवर्षी वर्गात एकतरी मुलगा 'निर्व्याज म्हणजे बिनव्याजी' असं लिहायचा. अर्धा गुण द्यायचे मी. व्यवहारज्ञानाचा.

गोदाकाठचा, तुमची आरती खरं तर व्याजस्तुती होती. वरून निंदा, आतून कौतुक. सासऱ्यांना तसं सांगून बघा.

गोदाकाठचा
मास्तरीणबाई, तुमचं ऐकून सांगितलं. धागा लांबला म्हणून शेवटचं काय झालं तेवढं लिहितो.

शनिवारी धीर करून फोन केला आणि म्हटलं, "बाबा, ती टवाळी नव्हती, व्याजस्तुती होती." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "रविवारी सकाळी मिसळ खायला या. जरा हिशेब आहे." आणि फोन ठेवला.

गेलो. पोटात गोळा. सासूबाई स्वयंपाकघरात, तोंडावर पदर, हसतायत की रडतायत कळेना. सासऱ्यांनी चष्मा लावला, वीजबिलाचं उसवलेलं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. पाठीवर त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात:

"श्री. जावईबापू यांचे नावे. आरती ४ मिनिटे. सदर काळात हॉलमध्ये विनाकारण चालू राहिलेले दिवे १२, पंखे ६. श्रोत्यांच्या हसण्यामुळे गार झालेले चहा ९. डोळे पुसण्यासाठी सौ. ने वापरलेले कागदी रुमाल ५. एकूण रुपये १०४. व्याज: माफ. व्याजस्तुतीचे: वेगळे आकारण्यात येईल."

मी वर बघितलं. चेहरा अगदी पंचवटीकरांच्या आजोबांसारखा, गंभीर. म्हटलं, "बाबा, तीन आठवडे राग धरलात हो."

"राग कसला? पाकीट यायची वाट बघत होतो. बिल महिन्यातून एकदाच येतं."

एकशे चार रुपये रोख दिले. पावती मागितली. त्याच पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहून दिली, कोपरा कात्रीने कापून.

निर्विकार
त्यांनी तुमची फिरकी घेतली की तुमच्याशी मस्करी केली?

गोदाकाठचा
मलाच विचारताय म्हणजे मीच ठरवायचं. शी.

तिवंध्याची
खिसा पण गेला की. १०४ रुपये. म्हणजे ला!

तर्री_जास्त
ते सगळं सोडा. मिसळ दिली का?

गोदाकाठचा
दिली. पाव मोजून.